आले

यादी परदेशातून आलेली, दोनशे सात शब्दांची.
तिच्यात बर्फ आहे, समुद्र आहे,
गोठणं आहे.
येरवड्याच्या टेकाडावरच्या दगडी इमारतीत
हर्डीकर मॅडमनी तिची झेरॉक्स हातात दिली
आणि म्हणाल्या, आता माणूस शोध.
पुस्तकं पुष्कळ झाली.

माणूस धानोरीत सापडला,
आमच्याच सोसायटीच्या मागच्या गेटवर.
तीन वर्षं मी त्याला वॉचमनकाका म्हणत होते.
मन्साराम धिकार.
गाव धारणीच्या पुढे. पुढे म्हणजे किती,
तर त्याने हनुवटीने दाखवलं,
पाण्याचा टँकर उभा होता त्या बाजूला.

पाणी? डा.
विस्तव? सिंगल.
घर? उरा.
वाघ? कुला. हे मात्र हळू,
पार्किंगमधल्या गाड्यांकडे एकदा बघून घेत.
बर्फ?
हसला. चौथ्या मजल्यावर पार्टी असली की
मीच आणून देतो ना. बरफच म्हणतो.
समुद्र?
मी नाही पाहिला. तुमी पाहिला असेल,
तुमीच सांगा.

फुलपाखराला टाचणी मारावी तसा
एकेक शब्द मी लिपीत बसवत गेले.

चौथा शब्द सुरुवातीलाच अडला होता,
तो शेवटी घेतला.
आम्ही.
कोणते आम्ही? त्याने विचारलं.
तुमाला धरून, का तुमाला सोडून?
मी खूश. हे तर मराठीतही आहे की,
आपण आणि आम्ही.
हॉस्टेलवरच्या मेरठच्या मुलीला
हे समजावताना माझा जीव गेला होता.
तो थांबला नाही. आणि दोघंच असलो तर?

आलांग: मी आणि तू.
आलिंज: मी आणि ती, तू नाहीस.
आबुंग: सगळे, तूही.
आले: सगळे, तू नाहीस.

मी वहीत चार खणांचा चौकोन आखला
आणि दोन मिनिटांत भरला.
आमच्या विभागात अशा चौकोनांवर
निबंध वाचले जातात, टाळ्याही पडतात.

रात्री हेडफोन लावून बसले.
मध्येच त्याचा फोन वाजतो.
मी रेकॉर्डर बंद करायला विसरले होते,
किंवा नव्हते विसरले,
हे प्रबंधात कसं लिहायचं ते ठरलेलं नाही.
बायको असावी. पलीकडे कोंबडा आरवतो.
तो भरभर बोलतो, मला दहातला एखादा शब्द लागतो,
आणि एक पुन्हा पुन्हा कानावर येतो: आले.

मी समासात टिपलं:
आले, क्रियापद, मराठीतून उसनं?
कोण आले? पाहुणे? पगाराचे पैसे?
एकदा तर वाटलं, चहात टाकायचं.

मग पेन थांबलं.

आले. आम्ही.
मी तिथेच बसले होते की,
प्लास्टिकच्या खुर्चीवर, रेकॉर्डर गुडघ्यावर,
तासाचे दीडशे रुपये पाकिटात घालून, संमतिपत्रावर सही घेऊन.
आवाजात राग नव्हता. माझी दखलसुद्धा नव्हती.
रोज तो माझ्यासाठी गेट उघडतो,
हे एक त्याने आतून लावलेलं होतं.

आपण बाहेर आहोत हे कळण्याइतकी
भाषा आली.
सहा महिन्यांत एवढीच.

सेमिनारच्या पहिल्या स्लाइडवर होतं,
‘आपल्या आदिवासी बोली’.
‘आपल्या’ खोडलं. ‘आमच्या’ तर नाहीच.
‘त्यांच्या’ लिहिलं, तेही खोडलं.
मॅडम म्हणाल्या, शीर्षक अर्धवट दिसतंय.
हो, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर तोच विचारतो,
झाली का यादी?
गोठणं राहिलंय, मी म्हटलं. एकशे ब्याण्णव नंबर.
त्याने अडसर सरकवला,
मागून हॉर्न देणाऱ्या स्कूटीला आत घेतलं,
आणि म्हणाला,
मग लिहा की तिथं,
गरज नाही पडली.